अकरावं पाकीट

खिडकीताईंचा दोन गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. एक, ओला स्पंज; आणि दोन, पुरुषाचा शब्द. स्पंजाचं कारण त्या विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही सांगत. दुसऱ्याचं मात्र कुणाला सांगत नसत. आपण सांगून टाकू, म्हणजे पुढे घोळ नको.

आधी स्पंज. ताई एकतीस वर्षं टपाल कचेरीत तिकिटांच्या खिडकीत बसल्या, म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. तिकीट ओलं करायला तिथे वाटीत एक स्पंज ठेवलेला असे. त्याला डबक्याचा वास येई, आणि ताईंच्या मते स्पंजानं लावलेलं तिकीट चिकटत नाही, पोहतं. त्यामुळे समोरच्यानं पाकीट सरकवलं की त्या तिकीट फाडत, जिभेवरून फिरवत आणि अंगठ्यानं दाबून मोकळ्या होत. पोस्टमास्तरांनी दोनदा लेखी समज दिली. ताईंनी दोन्ही कागद सही करून घेतले आणि चाटणं चालू ठेवलं. पाकिटावरचा पत्ता मात्र त्या कधी वाचत नसत. दुसऱ्याचं पत्र म्हणजे दुसऱ्याचं पत्र, असा त्यांचा बाणा होता.

आता पुरुषाचा शब्द. पस्तीस वर्षांपूर्वी, ताई तेहेतिशीच्या असताना, घड्याळांच्या दुकानात काम करणारा एक घड्याळजी रोज संध्याकाळी पाचला खिडकी बंद व्हायच्या आत पार्सल घेऊन येई. पार्सल नसलं तर नुसताच येई. लग्न ठरल्यात जमा होतं. मग एके सकाळी दुकानातली एक्केचाळीस घड्याळं गायब झाली. कुलूप जसंच्या तसं, आणि किल्ल्या दोघांकडेच, मालकाकडे आणि घड्याळजीकडे. पोलिसांनी कुणाला धरलं ते सांगायला नको. "मी एकाही घड्याळाला हात लावलेला नाही," असं त्यानं ताईंना शपथेवर सांगितलं आणि ताईंनी ते मानलं. आठ दिवसांनी पोलिसांना चोराचं म्हणून एक निनावी पत्र आलं. त्यानंतर दोनच दिवसांत वर्तमानपत्रात छापून आलं, की ते पत्र आपणच लिहिल्याचं घड्याळजीनं कबूल केलं. चोरी काही शाबीत झाली नाही, पण पोलिसांची दिशाभूल केली म्हणून तो चार महिने आत जाऊन आला. सुटल्यावर सरळ टपाल कचेरीत येऊन उभा राहिला. ताईंनी त्याच्या तोंडावर खिडकीची झडप खाली ओढली. तो गाव सोडून गेला, आणि ताईंनी लग्नाचं नाव टाकलं.

हल्ली ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच घरात राहतात आणि एकमेकांची उणीदुणी काढत मजेत दिवस घालवतात. धाकटा म्हणजे पासष्ट वर्षांचा, झुपकेदार मिशांचा. त्यानं जन्मभर एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवल्या. बैठकीच्या कपाटात वरच्या फळीवर त्याच्या नमुन्याच्या कवळ्या दात विचकून बसलेल्या असतात आणि खालच्या तीन फळ्यांवर रहस्यकथा. बायको गेल्यापासून तर तो दिवसाला एक खून वाचल्याशिवाय झोपत नाही.

या सगळ्याला सुरुवात केली ती धाकट्याच्या मुलीनं. तिचं केस कापायचं दुकान आहे, आणि हात कात्रीवर असो की आणखी कशावर, तिला सगळं झटपट लागतं. ताईंच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला तिनं डीएनए तपासणीच्या दोन पेट्या आणल्या.

"आत्या, या नळीत फक्त थुंकायचं. मग कळतं आपण मूळचे कुठले, आपले नातेवाईक कुठेकुठे आहेत."

"आहेत ते नातेवाईक कमी पडले होय, की आता पेटीतून मागवायचे?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण थुंकीच्या बाबतीत ताईंचा हात, म्हणजे जीभ, धरणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षांचा सराव. दोन मिनिटांत नळी रेघेपर्यंत भरली. धाकटा मात्र खुर्चीतून उठला. "मी कुठल्याही नळीत थुंकणार नाही," तो म्हणाला. "माझं जे आहे ते माझ्या तोंडात राहू दे." मग पेटी वाया जाऊ नये म्हणून त्या नळीत मुलगीच थुंकली. फॉर्मही तिनंच भरले. तुमची माहिती इतरांना दिसू द्यायची का? हो. पोलिसांच्या तपासात वापरू द्यायची का? हो. वाचत कोण बसतंय? ताईंनी चष्मा शोधेपर्यंत दोन्ही पेट्या रवानासुद्धा झाल्या.

निकाल आला तेव्हा घरात चांगलीच करमणूक झाली. आपले पणजोबा सात समुद्रांपलीकडून आले होते, असं ताईंचे वडील ऐटीत सांगत. निकालानुसार पणजोबा फार तर बसनं दोन तासांच्या अंतरावरून आले होते. सगळे पोट धरून हसले आणि विषय संपला.

संपला असं वाटलं. तीन महिन्यांनी दारावर एक मुलगी येऊन उभी राहिली. तिशीची, पाठीवर भलीमोठी सॅक, आणि बोलणं इतकं सरळ की जणू दूध किती घालू असं विचारतेय. पोलिसांच्या जुन्या फायली पाहणाऱ्या कक्षातली ती तपासनीस होती. धाकटा चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाहेर गेला होता. ताईंनी तिला चहा दिला.

"मावशी, घड्याळांच्या दुकानाचा मालक वारला, ते कानावर आलं असेल. मुलांनी गेल्या वर्षी घर पाडायला काढलं. छताच्या फळ्यांमागे बिस्किटांचे चार डबे निघाले. त्यात एक्केचाळीस घड्याळं होती. विम्यासाठी त्यानं स्वतःच्याच दुकानात चोरी केली होती."

ताईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे घड्याळजी..."

"त्यांचा चोरीशी काही संबंध नव्हता."

पण पस्तीस वर्षं घट्ट धरलेला राग असा एका चहात सुटत नसतो.

"पण पत्र? ते तर त्यानंच लिहिलं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. चोर नसेल, पण खोटारडा तर होता."

"तिथेच तर घोडं अडलंय," तपासनीस म्हणाली, आणि तिनं सॅकमधून एका पाकिटाचा मोठा फोटो काढला. "हे पाकीट फाइलीत जपून राहिलं होतं. आम्ही तिकिटाखालची थुंकी तपासली आणि लोकांनी हौसेनं केलेल्या तपासण्यांशी ताडून पाहिली. तुमच्या भाचीनं सगळीकडे 'हो' म्हटलं होतं म्हणून बरं झालं. ती थुंकी तुमची आहे, मावशी. शंभर टक्के."

यावर एखादीच्या तोंडचं पाणी पळालं असतं. ताई खो खो हसत सुटल्या.

"अगं बाई, या गावातल्या एकूण एक तिकिटाखाली माझीच थुंकी आहे! लग्नपत्रिका म्हणू नकोस, कोर्टाच्या नोटिसा म्हणू नकोस. तुमच्या पोलीस ठाण्याची पत्रंसुद्धा मीच चाटायची." आणि त्यांनी स्पंजाची कहाणी पहिल्यापासून सांगितली, वासासकट.

तपासनीसानं लिहिता लिहिता कपाळाला हात लावला. "ही शक्यता आमच्या कुणाच्या डोक्यातच आली नाही. तीन आठवडे आमच्या कचेरीत भिंतीवर तुमचा फोटो लावलाय."

"कुठला?"

"तुमच्या निरोप समारंभातला."

"त्यात माझे डोळे मिटलेत," ताई म्हणाल्या. "दुसरा देते."

पण तपासनीस हसली नाही. तिनं पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पुढे केला. "तिकिटाचं समजलं. पण हे झाकण. याच्या गोंदावरची थुंकी तुमची नाही. घड्याळजींचीही नाही; गेल्या महिन्यात जाऊन आम्ही त्यांचा नमुना घेतला. ती एका पुरुषाची आहे, आणि तो तुमचा सख्खा भाऊ आहे. तुम्हाला भाऊ किती, मावशी?"

आयुष्यात पहिल्यांदाच ताईंना वाटलं, आपल्याला चार-पाच भाऊ असते तर किती बरं झालं असतं.

"एकच," त्या म्हणाल्या.

आणि तो एकच नेमका त्याच वेळी दार ढकलून आत आला. त्यानं टेबलावरचा फोटो पाहिला, पाहुणीची सॅक पाहिली, आणि त्याचं तोंड कवळी काढून ठेवल्यासारखं आत गेलं.

"हे तू लिहिलंस?" ताईंनी विचारलं.

धाकट्यानं नवी काडी बसवलेला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. याच माणसाबरोबर त्या रोज जेवत होत्या, भांडत होत्या, त्याच्या तापात त्याच्या उशाशी बसत होत्या. यानं आपलं लग्न मोडलं असेल तर संध्याकाळी याच्यासमोर ताट कसं वाढायचं, हे त्यांना कळेना.

"तुझ्यासाठी लिहिलं गं, ताई."

"माझ्यासाठी?"

"तो कोठडीत. तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. मी म्हटलं, खरा चोर बाहेर मोकळा फिरतोय हे पोलिसांना पटवलं की याला सोडतील. तीन दुपारी बसून वर्तमानपत्रातली अक्षरं कापली. कवळ्यांच्या कामाचे हातमोजे घालून एकेक चिकटवलं. पत्ता दवाखान्यातल्या मशिनवर टाइप केला. कात्री नदीत फेकून दिली."

"माझी शिवणाची कात्री?"

"तीच."

"आणि मी कामवाल्या बाईंवर आळ घेतला होता रे!"

"इतकी सगळी काळजी घेतलीत," तपासनीस म्हणाली, "आणि पाकीट जिभेनं बंद केलंत."

धाकटा दुखावला. "अहो, त्या काळातल्या एका तरी रहस्यकथेत थुंकीचा उल्लेख होता का? दाखवा मला."

"आणि टाकलंस कुठे ते?" ताईंनी विचारलं.

"तुझ्याच खिडकीत. दवाखान्याची दहा पाकिटं टाकायची होती, त्यांत हे अकरावं घातलं. तू पत्ता वाचत नाहीस, हे मला माहीत होतं."

म्हणजे ताईंनी आपल्या हातानं, नव्हे जिभेनं, ते पत्र धाडलं होतं. "मग सांगितलं का नाहीस?" त्या ओरडल्या. "पस्तीस वर्षं, मेल्या!"

"कसं सांगू? दोन दिवसांत छापून आलं, की पत्र त्यानं लिहिल्याचं कबूल केलं. मी चक्रावूनच गेलो. मी लिहिलेलं पत्र त्यानं कसं लिहिलं? बोललो असतो तर मी आत गेलो असतो, आणि माझ्या बायकोला तेव्हा सहावा महिना लागला होता. भ्यालो मी. नंतर सांगायचं म्हटलं, तर तू त्याचं नाव काढू देईनास. एक वर्ष गेलं, मग दहा गेली. मग ती नळी घरात आली आणि मला घाम फुटला."

"हेच मला कळत नाहीये," तपासनीस म्हणाली. "न लिहिलेलं पत्र त्यांनी अंगावर का घेतलं? गेल्या महिन्यात मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, मीच लिहिलं. मी म्हटलं, थुंकी जुळत नाही. तर म्हणाले, थुंकी खोटं बोलते."

ताईंनी हात पुढे केला. "पत्र दाखव. मी ते कधी पाहिलंच नाही."

तपासनीसानं प्रत काढून दिली. लहानमोठी, वाकडीतिकडी अक्षरं चिकटवलेली होती. ताईंनी मोठ्यानं वाचलं:

"'पोलीस साहेब, आपण धरलेला इसम निर्दोष आहे. चोर मी आहे. पुरावा हवा काय? दुकानातले मोठे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे. हे आत वावरल्याशिवाय कोणास कळेल? आपला नम्र, चोर.'"

"आपला नम्र?" तपासनीस म्हणाली.

"पद्धत असते," धाकटा पुटपुटला.

पण ताई पुन्हा तीच ओळ वाचत होत्या. सात मिनिटं. दुकान सुटायचं पाचला आणि खिडकीही पाचलाच बंद व्हायची. म्हणून घड्याळजीनं दुकानातलं मोठं घड्याळ गुपचूप सात मिनिटं पुढे करून ठेवलं होतं, म्हणजे मालकाला न कळता तो जरा आधी सुटेल आणि ताईंपर्यंत धावत पोचेल. हे त्यानं जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि त्या माणसानं ते कौतुकानं घरी जेवताना सांगितलं होतं.

"तूच सांगितलं होतंस मला," धाकटा हळूच म्हणाला. "मला वाटलं, काय झकास पुरावा आहे."

ताईंनी कागद खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"पोलिसांनी त्याला हे वाचायला दिलं असणार. त्यानं सात मिनिटं वाचली. ते त्याच्या आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, हे मीच लिहिलं. त्याला सोडवायला. मी पकडली जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःवर घेतलं."

झाला प्रकार असा होता: भावानं घड्याळजीला वाचवायला पत्र लिहिलं, घड्याळजीनं ताईंना वाचवायला ते अंगावर घेतलं, आणि ताईंनी वर्तमानपत्र वाचून झडप ओढली. तिघांपैकी दोघं मूर्ख होते. तिसऱ्या व्यक्तीला काय म्हणायचं, याचा विचार ताई करत होत्या, आणि त्यांना सापडलेला शब्द मूर्खपेक्षा वाईट होता.

"त्याचं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा आणि ते मिळून दुकान चालवतात. घड्याळदुरुस्तीचं."

"नंबर दे."

"मावशी, हे नियमात बसत नाही," तपासनीस म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं नंबर लिहून दिला.

ताईंनी फोन लावला. तपासनीस आणि धाकटा लगबगीनं कपाटापाशी जाऊन कवळ्या पाहू लागले, पण दोघांचेही कान इकडेच होते.

"बोला," पलीकडून आवाज आला. मागे पन्नासएक घड्याळं आपापल्या मतानं टिकटिकत होती.

"मी बोलतेय," ताई म्हणाल्या.

कोण मी, असं त्यानं विचारलं नाही. तो घाईनं, दबक्या आवाजात म्हणाला, "ती पोरगी तिथेही आली का? त्रास दिला का तुला? हे बघ, काहीएक कबूल करू नकोस. मी ठणकावून सांगितलंय, पत्र माझंच आहे. मी मरेपर्यंत तेच सांगणार."

ताईंनी फोन घट्ट धरला. पस्तीस वर्षं झाली, चार महिने कोठडी झाली, संसार झाला, आणि हा माणूस अजून पहाऱ्यावर उभा होता.

"ऐकतेयस ना? तू घाबरू नकोस. आमच्या हिलाही मी सगळं सांगितलं होतं. जाईपर्यंत तुझं नाव काढायची. म्हणायची, माणसासाठी चोर व्हायला तयार झालेली बाई एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे. आणि तू झडप ओढलीस ना, तेव्हाच मी ओळखलं, हुशार आहे. लोक बघत होते. म्हणून मी गाव सोडलं, तुझ्यावर संशय नको."

कपाटापाशी धाकटा जिवाच्या आकांतानं खुणा करत होता: हो म्हण, हो म्हण. झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासनीसही छताकडे पाहू लागली होती. एक 'हो' म्हटलं की एका म्हाताऱ्या माणसाचं जन्मभराचं समाधान शाबूत राहणार होतं, आणि त्याच्या गेलेल्या बायकोचंही. शिवाय ताई त्या समाधानात किती सुंदर दिसत होत्या! इतक्या सुंदर त्या कुठल्याच फोटोत आल्या नव्हत्या.

"मी नाही लिहिलं," ताई म्हणाल्या. "माझ्या भावानं लिहिलं. मला सुचलंसुद्धा नाही रे. छापून आलं ते मी खरं मानलं. झडप ओढली ती रागानंच ओढली. लोक वगैरे काही नव्हतं माझ्या मनात."

घड्याळं टिकटिकत राहिली.

"भावानं?" शेवटी तो म्हणाला. "तो कवळ्यावाला?"

"हो."

"म्हणजे पस्तीस वर्षं मी ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला, तो मिशीवाला निघाला?"

आणि तो हसायला लागला. हसत राहिला, खोकला, पुन्हा हसला. मग ते हसणं राहिलं नाही, आणि ताई ऐकत उभ्या राहिल्या. मधे पडायचा त्यांना काही हक्क नव्हता.

"तू विश्वास ठेवला नाहीस," तो म्हणाला.

"नाही ठेवला. ते सांगायलाच फोन केला."

"मला राग आलाय," तो जरा आश्चर्यानंच म्हणाला. "चांगला आलाय. पण फोनवर नीट रागावता येत नाही मला."

"मग मी येते. समोर बसवून रागाव."

"रविवारी ये. दुकान बंद असतं."

"रविवार चार दिवसांवर आहे," ताई म्हणाल्या. "तोवर तुझा राग जायचा. मी उद्याच येते."